दोन हात दोर

मी एक जुना दोर आहे. जुना म्हणजे वयानं फार नव्हे, सहाच उन्हाळे पाहिलेत मी. पण मित्रांनो, माझे आता दोन तुकडे झाले आहेत आणि तुटलेल्या दोराला कुणी नवा म्हणत नाही. मी तुटलो ती दुपार तुम्हाला सांगायची आहे. त्याआधी थोडं माझ्याविषयी.

एका कारखान्यात नायलॉनचे तीन पेड एकमेकांत पिळून मला बनवलं. पेड म्हणजे वेणीला असतात तसेच. लांबी सत्तर हात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असं आमच्याकडे मोजतात. बसथांब्याजवळच्या दुकानात मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. मग एके दिवशी दोघे भाऊ आले. थोरल्यानं मला ओढून पाहिलं, वाकवून पाहिलं, हुंगूनसुद्धा पाहिलं. दुकानदार म्हणाला, "अहो, दोर घेताय की खरबूज?" थोरला हसला नाही. "यावर माणूस लटकणार आहे," तो म्हणाला. त्या वाक्यानं माझी छाती फुगली.

ही मंडळी मौल्यवान खड्यांच्या शोधातली. डोंगरावरचं बर्फ वितळलं की सात आठवडे कडे उघडे पडतात. तेवढ्या दिवसांसाठी वस्तीतली घरं वरच्या दगडी खोल्यांत मुक्काम हलवतात. दिवसभर हातोड्यांची टकटक, दगडांवर वाळणारे कपडे, संध्याकाळी ओट्यावर बसून एकमेकांचे खडे उन्हात धरून पाहणं, आणि 'आम्हाला तर काहीच नाही मिळालं' असं खोटं बोलणं. कड्याच्या कपारीत आतल्या बाजूला स्फटिक वाढलेले असतात. तिथं पायवाट नाही. वरून दोरावर उतरावं लागतं.

पहिली दोन वर्षं थोरला उतरायचा. मग घसरणीवर त्याचा गुडघा गेला आणि त्याची बायको उतरू लागली. धाकटा तिला वहिनी म्हणतो, म्हणून सगळी वस्तीच तिला वहिनी म्हणते. अंगानं सडपातळ, नजर घारीची. उतरू लागल्यापासून दुसऱ्याच उन्हाळ्यात तिनं मुठीएवढा पुष्कराज आणला. सगळ्यांनी खडा पाहिला, तिला शाबासकी दिली, आणि एका म्हाताऱ्यानं माझ्यावर थाप मारून म्हटलं, "याचंही कौतुक करा रे!" ती थाप मी विसरलेलो नाही.

वर बसून मला सोडायचं काम धाकट्याचं. तो हातमोजे घालत नाही. एकेक हात मोजत मला तळव्यातून जाऊ देतो आणि प्रत्येक इंच चाचपतो. त्यात फार वेळ जातो. घरात त्याला 'तपासनीस' म्हणून चिडवायचे, आणि थोरला सर्वांत जास्त.

थोरल्याकडे आता खडे धुण्याचं काम आलं होतं. कपारीतून आलेला स्फटिक गंजासारख्या लाल थराखाली झाकलेला असतो. मागच्या पत्र्याच्या खोलीत ॲसिडचा टब आहे, त्यात तो बुडवून ठेवतात. थर निघतो, खडा शाबूत राहतो. त्या खोलीत मला न्यायचं नाही, हा नियम थोरल्यानंच घातलेला. एकदा धाकट्यानं मला नुसतं दाराशी टेकवलं, तर त्याला दिवसभर बोलणी खावी लागली.

आणि या उन्हाळ्यात थोरल्यानंच मला आत नेलं. मी ओढ्यात भिजलो होतो, पत्र्याखाली ऊब होती. टबावरच्या खुंटीला मला अडकवून तो खडे काढत होता. चिमट्यातून एक खडा निसटला, धपकन टबात पडला आणि माझ्यावर शिंतोडे उडाले. त्यानं मला घाईघाईनं धुतलं, पुसलं, उन्हात धरलं. वरून काहीच दिसत नव्हतं. 'खड्याला काही होत नाही, याला काय होणार!' असं तो स्वतःशीच पुटपुटला. आयुष्यभर खड्यांत रमलेल्या माणसालाच असं वाटू शकतं. मला पुढच्या खोलीत टांगून तो भाकरी खायला बसला आणि कुणाजवळ ब्रसुद्धा काढला नाही. स्वतःचाच नियम मोडला हे धाकट्यासमोर कसं सांगायचं?

माझ्या आत मात्र धागे कडक होऊ लागले होते. वहिनीच्या टोकापासून सेहेचाळीस हातांवर, बोटभर जागेत. मला ते कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. पुढच्या आठ दिवसांत वहिनी तीनदा उतरली. कपारी उथळ होत्या, तीस हातांतच काम भागलं. प्रत्येक वेळी ती वर आली की माझा जीव भांड्यात पडायचा.

नववा दिवस. मुक्काम हलवायला दोनच दिवस उरले होते आणि हाताला म्हणावं असं काही लागलं नव्हतं. वहिनी सगळ्यांत खोल कपारीवर निघाली.

धाकटा पाय रोवून बसला. माझं मागचं टोक लोखंडी खुंटीला, मधला भाग त्याच्या कमरेभोवती. तो मोजू लागला. तीस. पस्तीस. चाळीस. खालून हातोडी वाजली, मग थांबली.

"भाऊजी! मिळाला!" वहिनीचा आवाज चिरकला होता. "मधासारखा आहे! थोडा खाली आहे, आणखी सोडा!"

एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.

"बस दोन हात! दोनच हात द्या!"

पंचेचाळीस. आणि ती जागा त्याच्या तळव्यात आली.

धाकटा थांबला. अंगठ्यानं मला दाबून पाहिलं. मी माझ्या परीनं जेवढा कडक होऊ शकत होतो तेवढा झालो. दुसरं काय करणार?

"वहिनी, दोर इथं कडक लागतोय. वर या."

"अहो, भिजून वाळलाय तो! सोडा की!"

"नाही सोडत."

"भाऊजी, माझं बोट टेकतंय हो त्याला!"

"टेकू दे. वर या."

मग ती भडकली. तपासण्यांत अख्खा उन्हाळा घालवलात, म्हणाली. नवऱ्याचा पाय बरा असता तर तुम्हाला इथं बसवलंच नसतं, म्हणाली. धाकट्याचे कान लाल झाले, पण मूठ सैल झाली नाही. मग तिच्या कमरेच्या गाठीवर मला तिची बोटं जाणवली. ती मला सोडून, नुसत्या हातापायांनी उतरणार होती. खाली दीडशे हात मोकळा कडा होता.

धाकट्याला ते दिसत नव्हतं. माझा ताण हलला तेवढ्यावरून त्यानं ओळखलं.

"वहिनी, गाठीला हात लावू नका," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "मी भित्रा असेन. भित्रा म्हणा मला वस्तीभर. पण गाठ सोडू नका."

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिची बोटं गाठीवरून उठली आणि ती वर येऊ लागली.

वर आली ती रिकाम्या हातांनी आणि तणतणत. "दाखवा कुठं कडक आहे!" तिनं मला ओढून घेतलं, ती जागा दोन्ही बाजूंनी धरली, टाच दगडाला लावली आणि हिसका दिला.

मी तुटलो. वाळकी काडी मोडावी तसा. वहिनी मागच्या मागं खडीवर आपटली. तिच्या दोन्ही हातांत माझी दोन टोकं होती. मग म्हणाली, "भाऊजी, पाणी द्या जरा."

खोलीवर आले तेव्हा थोरला भांडी बांधत होता. माझी टोकं पाहून त्याच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"उंदरानं कुरतडलं असेल," धाकटा म्हणाला.

किती सोपी वाट होती! नुसतं हो म्हणायचं. मी थोरल्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

"उंदीर नाही," थोरला म्हणाला. "मी. ॲसिड उडालं होतं याच्यावर. धुतलं होतं मी."

"कधी?" वहिनीनं विचारलं.

"आठ-नऊ दिवस झाले."

"मी तीनदा उतरले हो या दिवसांत," ती म्हणाली. "तीनही वेळा तुम्हीच मला डबा भरून दिलात."

थोरल्यानं पातेलं खाली ठेवलं. मधासारखा तो खडा अजून कपारीत आहे. त्यावर आता बर्फ आहे.

मित्रांनो, दोर जपा, तो स्वच्छ ठेवा, हे तर मी सांगेनच. पण वस्तू कितीही जपली तरी कधीतरी हातून चूक होते. थोरल्यासारख्या काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातूनही झाली. तशी झाली तर त्याच दिवशी सांगा. हसतील, रागावतील, चार दिवस चिडवतील. आठ दिवस मी ओरडायचा प्रयत्न करत होतो. मला तोंड नव्हतं. त्याला होतं.