निम्मी हदीस

मेहरूणमधल्या हनीफ पिंजाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. गाद्या-उशांचं दुकान, दारातच कापूस पिंजायचं मशीन, आणि त्या मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची जुनी सवय. त्यामुळे त्याने कानात सांगितलेली गोष्टही चौकातल्या पानटपरीपर्यंत पोचे. माणूस वाईट नव्हता. खोटंही बोलत नसे. लोकांना त्रास व्हायचा तो त्याचाच.

पाचोऱ्याला त्याच्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव दीपनगरच्या वीज केंद्रात पर्मनंट आहे, असं मेहुण्याने साऱ्या भाऊबंदांना सांगून ठेवलं होतं. निकाहच्या आधी मांडवात सरबत फिरत असताना हनीफने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की आपण कॉलनीत गाद्या पोचवायला गेलो होतो तेव्हा मुलाला पाहिलंय, ठेकेदाराकडे अगदी इमानदारीने काम करतो. त्यानंतर काझीसाहेब दुपार टळेपर्यंत नुसते बसून राहिले. निकाह झाला, पण मेहुण्याने बोलणं टाकलं आणि हनीफच्या बायकोचं, खातूनचं, माहेर तुटलं. खातून रडली नाही. मशीन बंद करायला बटण तरी असतं, एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात जुम्म्याच्या नमाजला मौलानांनी पैगंबरांची एक हदीस सांगितली. ज्याचा अल्लाहवर आणि आखिरतच्या निवाड्याच्या दिवसावर विश्वास आहे त्याने चांगलं बोलावं, नाहीतर गप्प राहावं. हनीफने घरी येईपर्यंत त्यावर विचार केला. आधी चांगलं काय ते ठरवायचं आणि मग बोलायचं, हे काम त्याला जोखमीचं वाटलं. गप्प राहण्यात ठरवायचं काही नव्हतं. त्याने हदीसचा मागचा निम्मा भाग घेतला आणि पुढचा मौलानांकडेच राहू दिला.

सुरुवातीला लोकांना वाटलं, घसा बसलाय. पाचोऱ्याकडचा रुपचंद पाटील, जुनं गिऱ्हाईक, गादी भरायला आला आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसला. शेवटी न राहवून म्हणाला, "हनीफभाऊ, तुमनी तब्येत बरी शे ना?" हनीफने मान हलवली. रुपचंदने जाताना मध आणि आल्याचा रस घ्यायला सांगितलं.

मग हळूहळू वेगळंच सुरू झालं. ऐकून घेणारा सापडला, की लोकांना कंठ फुटतो. कोणी भावाशी चाललेलं भांडण सांगू लागला, कोणी सुनेचं गाऱ्हाणं. हनीफ खाली कापसाकडे बघत ऐके आणि लोकांना वाटे, किती खोल विचार करतोय. खरं म्हणजे तो ओठांवर आलेला शब्द परत पोटात ढकलत असे. थोड्याच दिवसांत तो वजनदार माणूस झाला. मोहल्ल्याच्या बैठकीत त्याला लोडाला टेकून बसवू लागले. लोड त्यानेच भरलेला होता, पण त्यावर टेकायची ही पहिलीच वेळ. त्याला ते फार आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुकानाच्या शेजारी जैबुनबी राहायची. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची मुलगी रुखसार. मायलेकी हनीफच्या दुकानासाठी खोळी शिवत. जैबुनबीच्या जिभेला धार होती आणि मधली भिंत ठेंगणी होती. मशीनचा आवाज, अंगणात उडणारा कापूस, शिलाईचे पैसे द्यायला केलेला उशीर, यावरून रोज सकाळी हनीफचा उद्धार होई. तो त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की त्याशिवाय चहा गोड लागत नसे.

रुखसारला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा शाहबाज, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, पसंतीही झाली होती. रुखसारने खातूनला हळूच सांगितलं होतं, की भाभी, या वेळी तरी व्हावं. या वेळी म्हणायचं कारण, आधीची एक सगाई मोडली होती.

आपल्याकडे स्थळाची चौकशी मुलीच्या घरात होत नाही, ती शेजारच्या दुकानात होते. शाहबाजचा मामा मुनाफ उशा बघायच्या निमित्ताने हनीफकडे आला. एक उशी दाबून पाहिली, दुसरी दाबून पाहिली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की शेजारची मंडळी कशी आहेत, मुलगी कशी आहे.

हनीफला बोलायचं होतं. पण एक शब्द बाहेर पडला तर त्याच्या मागोमाग मोडलेली सगाईही पडेल, ही त्याला खात्री होती, कारण तो स्वतःला ओळखत होता. पाचोऱ्याचा मांडव त्याच्या डोळ्यांपुढे आला. तो मूग गिळून पंख्याकडे बघत राहिला. मुनाफने पुन्हा विचारलं. हनीफ पंख्याकडेच बघत होता. मुनाफने उशी जागच्या जागी ठेवली आणि सलाम करून निघाला.

चौकशीत गप्प बसण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. त्यातून हा कोणी ऐरागैरा गप्प बसलेला नव्हता, मोहल्ल्यातला वजनदार माणूस होता. धुळ्याहून निरोप आला, की तूर्त मुलाच्या लग्नाचा विचार नाही.

"मामाशी काय बोललात?" खातूनने विचारलं.

"काहीच नाही."

"तेच तर."

ती ताटावरून उठून गेली. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून एकही शिवी आली नाही. रुखसारचं शिलाई मशीनही बंद होतं. हनीफ चहा घेऊन वाट बघत बसला आणि चहा गार झाला. तोंड उघडून आपण मेहुण्याचा मांडव नासवला आणि तोंड मिटून शेजारच्या मुलीचं स्थळ नासवलं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तो मौलानांकडे गेला आणि सगळं सांगितलं. मौलानांनी ऐकून घेतलं.

"हनीफमियाँ, चांगलं बोला हे आधी आलंय. तुम्ही ते सोडून मागचं उचललंत."

"चांगलं म्हणजे झाकून?"

"झाकून नाही. साक्ष विचारली तर ती लपवू नका, हाही हुकूमच आहे. खरं बोला, गरजेपुरतं बोला, आणि कोणाच्या भल्यासाठी बोलतोय ते आधी बघा."

एवढं सगळं आधी बघायचं तर माणसाने बोलायचं कधी, असं हनीफने विचारलं. मौलाना हसले आणि नमाजला उठले.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने धुळ्याला निघाला. पारोळा येईपर्यंत वाक्यं जुळवत होता. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, तेव्हाही त्याने आधी विचार केला. कंडक्टर वैतागून पुढच्या सीटकडे गेला.

धुळ्याच्या घरात कर्ती होती ती शाहबाजची दादी. तिने चहा दिला आणि समोर बसली. मुनाफ दाराशी उभा राहिला.

"त्या दिवशी मी गप्प बसलो ते मुलीमुळे नाही," हनीफ म्हणाला. "माझ्या जिभेची मला भीती वाटली म्हणून. मुलगी नेक आहे. तिनं शिवलेली खोळ माझ्याकडे कधी उसवून परत आली नाही. तिची एक सगाई मोडलीय, ती तिनंच मोडली. ते लोक तिच्या आईला चारचौघांत टाकून बोलले, तिनं अंगठी काढून ताटात ठेवली."

तो थांबला. त्या लोकांची सगळी कुळकथा त्याच्या जिभेवर येऊन बसली होती. ती त्याने चहाच्या घोटाबरोबर खाली उतरवली.

दादीने मान हलवली. मग म्हणाली, "आणि आई? ती तोंडाची कशी आहे?"

मुनाफने खाली बघितलं, म्हणजे काहीतरी यांच्या कानावर आलेलं होतं. गप्प बसावं तर तेच उत्तर झालं. गोड आहे म्हणावं तर खोटं झालं. हनीफने कप खाली ठेवला. एवढा वेळ त्याने आयुष्यात कोणत्याही वाक्याला दिला नव्हता.

"तिनं मला आजवर खूप शिव्या दिल्यात," तो म्हणाला. "त्यातली एकही खोटी नव्हती."

दादीने कपबशी बाजूला सारली. मग दाराकडे वळून म्हणाली, "मुनाफ, त्या दिवशी तू उशा न घेताच आलास. जाऊन घेऊन ये. आणि येताना तारीख विचारून ये."

मुनाफ आला, उशा घेतल्या, तारीख विचारून गेला. पलीकडे शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर जैबुनबीचं डोकं दिसलं. धुळ्याला माझ्याबद्दल काय विचारलं, असा तिचा सवाल होता. हनीफ गप्प राहिला.

"म्हणजे विचारलं," ती म्हणाली.

आणि मग ती सुरू झाली. उघडलं तर मांडव मोडतो आणि मिटलं तर सगाई, असलं तोंड अल्लानं घडवलं कशाला आणि घडवलं तर माझ्याच भिंतीला आणून का टेकवलं, इथून सुरुवात होती. मध्येच तिचा आवाज चिरकला. तिने पदराने डोळे पुसले आणि जिथे थांबली होती तिथून पुढे चालू केलं. हनीफने बटण दाबून पिंजायचं मशीन बंद केलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यातही काही खोटं नव्हतं.