वाकडी कड

पिराजीनं शिरोलीच्या एका कारखान्यात लोखंड कापायच्या मिलिंग मशीनवर बत्तीस वर्षं काढली. तिथं त्याच्या उजव्या डोळ्याचं नाव होतं. कापलेला तुकडा, म्हणजे जॉब, उजेडाकडं धरायचा, डावा डोळा मिटायचा, कडेवरनं नजर फिरवायची आणि सांगून टाकायचं, "मधी केसभर पोट हाय." मागनं कुणी मोजून बघितलं तर केसभरच निघायचं.

निवृत्त झाल्यावर वर्षभर त्याला घर खायला उठलं. शेवटी त्यानं घरात मावेल असं लहान मिलिंग मशीन घेतलं. कसबा बावड्यातल्या घराच्या मागच्या पडवीत चौघांनी ते उचलून ठेवलं. बायकोनं, शेवंताबाईनं, मशीनला हार घातला.

"पयलं काय करणार ह्याच्यावर?" तिनं विचारलं.

"तुझ्या शेवयाच्या मशीनचा पाय."

शेवयाचं मशीन बाजल्याला आवळायचा लोखंडी पाय दोन उन्हाळ्यांपूर्वी मोडला होता. तेव्हापासून ती ते सुतळीनं बांधून भागवत होती. पिराजीनं उद्यमनगरातनं पोलादाचा चांगला तुकडा आणला. आधी तो चारी बाजूंनी सरळ करायचा, मग त्यातनं पाय काढायचा. असली कामं त्यानं झोपेतसुद्धा केली असती.

कटर फिरला, लोखंडाचा बारीक कीस उडाला. वर्षभरानं तो वास नाकात गेला तसा पिराजी खुशीत आला. तुकडा पुसून त्यानं उजेडाकडं धरला. कडेला मधोमध खड्डा होता.

त्यानं तुकडा पुन्हा आवळला, पुन्हा कापला. खड्डा होताच. मशीनची पातळी बघितली, कटर बदलला, पकड सोडून परत बसवली. तीन दिवस हेच चाललं. दोन बोटं जाडीचा तुकडा कापून कापून पट्टीसारखा झाला, पण खड्डा काही हलेना.

शेवंताबाई चहा घेऊन आली. तिनं तुकडा हातात घेऊन बघितला. "मला तर सरळ दिसतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" पिराजी खेकसला.

तिनं कप तिथंच ठेवला आणि आत गेली.

चौथ्या दिवशी त्यानं दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. "वाकडं मशीन गळ्यात मारलंय तुम्ही माझ्या!" सोमवारी अकराच्या सुमाराला दुकानाचा मेकॅनिक आला. गुरुप्रसाद नाव, तिशीचा, बोलायला मऊ. त्यानं मशीनवर केसभर फरकही दाखवणारा डायल लावला आणि तुकडा बसतो तो बेड या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवला. डायलचा काटा जागचा हलला नाही. मग पिराजीचा तुकडा उचलून त्यानं त्याला गुण्या लावला आणि दोन्ही उजेडात धरलं. मधनं उजेडाची रेघसुद्धा येईना.

"काका, ह्यात खोट न्हाय."

पिराजीनं तुकडा हिसकावून घेतला, डोळ्यापाशी नेला. "ह्यो एवढा खड्डा दिसत न्हाय व्हय तुला?"

गुरुप्रसादनं डायल काढून पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, डायलवर शंका आली तर आम्ही दुसरा लावून बघतो. तुम्ही जरा दुसऱ्या डोळ्यानं बघा की."

पिराजीनं उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलं. कड सरळ होती. उजव्यानं बघितलं, खड्डा. त्याच डोळ्यानं त्यानं मान वर करून दाराची चौकट बघितली. तीही मधोमध आत ओढल्यासारखी. समोर गुरुप्रसादचे कान दिसत होते, केस दिसत होते. नाकातोंडाच्या जागी मात्र पुसल्यासारखा धुरकट डाग होता.

"मशीनमध्ये दोष नाही" असं लिहिलेल्या दुकानाच्या कागदावर पिराजीनं निमूट सही केली. गुरुप्रसादनं हत्यारं भरली, पण जाता जाईना. "दवाखान्यात दावा, काका. उशीर करू नका," असं दोनदा म्हणून तो गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आतले फोटो काढले. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी आणि रक्त साठलं होतं.

"चष्म्यानं जाईल?"

"नाही."

"मग ऑपरेशन करा."

"त्यानंही नाही, काका. डोळ्यात इंजेक्शनं देऊ. वाढायचं थांबावं म्हणून. गेलंय ते परत येईल असं मी सांगू शकत नाही." मग त्यांनी चौकटी आखलेला एक कागद दिला. "हा भिंतीला लावा. रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचं. डाव्या डोळ्यालाही रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी इकडं या."

"डाव्याला होऊ ने म्हणून काय करायचं?"

डॉक्टरीणबाईंनी त्या कागदावर बोट ठेवलं. "लक्ष ठेवायचं," त्या म्हणाल्या.

पहिलं इंजेक्शन झालं. आठवड्यानं पिराजी पडवीत गेला. नवा तुकडा आवळला, मशीन चालू केलं आणि डाव्या डोळ्यानं बघायला वाकला. पण कटर जवळ आला की सवयीनं डावी पापणीच मिटायची आणि त्या धुरकट डागात कटर दिसेनासा व्हायचा. पापणी बोटानं उघडी धरावी तर हॅन्डल फिरवायला हात उरत नव्हता. चौथ्या खेपेला कटर पकडीच्या लोखंडात घुसला आणि कर्कश किंचाळला. त्यानं चाचपडत बटण दाबलं.

आवाजानं शेवंताबाई धावत आली. त्याची बोटं एकेक करून तिनं बघितली. सगळी शाबूत होती.

"ऱ्हाऊ दे तो पाय," ती म्हणाली.

"एवढंच येतंय गं मला," पिराजी म्हणाला. "दुसरं काय येत न्हाय."

कोपऱ्यातला झाडू घेऊन ती लोखंडाचा कीस गोळा करायला लागली आणि तो खुर्चीवर बसून राहिला.

आता रोज सकाळी दात घासून झाले की पिराजी भिंतीवरच्या कागदासमोर उभा राहतो. उजवा डोळा तळव्यानं झाकतो. रेघा सरळ आहेत की त्या सरळ असाव्यात म्हणून तशा दिसतात, हे त्याला ठरवता येत नाही. पुन्हा बघतो. स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबतो.

"काय हाय?" शेवंताबाई आतनं विचारते.

"सरळ," तो म्हणतो.