डावं पायडल

उकंडरावानं पान्याला असा काही हिसका दिला, की सायकलच गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळली. डावं पायडल मात्र बसेना.

"मागल्या खेपेले तर बराबर बसलं होतं," तो म्हणाला आणि धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसू लागला.

जनकाबाई ठेवणीतलं नऊवारी नेसून, सातवीचा दाखला पिशवीत घालून दारात उभी होती. नांदुऱ्याला आज सुईणीच्या शिक्षणासाठी बायका निवडणार होते. दुपारच्या आत पोहोचली नाही तर पुन्हा कोण बोलावतंय! आणि नेमकी आजच वडनेरहून येणारी सकाळची एस.टी. आली नव्हती. शेवटी सासूनं, मनकर्णाबाईनं, तोड काढली होती.

"सायकल काय पूजेले ठेवली का रे? बसव डबलशीट अन् ने तिले."

सायकल लग्नात जनकाबाईच्या भावानं दिलेली. जळगाव जामोदला त्याचं सायकलचं दुकान. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच उकंडरावानं बाजारातल्या मिस्तऱ्याकडून दोन्ही पायडलं काढून आणली आणि कोनाड्यात ठेवून दिली. गल्लीत सायकल एकच, मागणारे पन्नास. नाही म्हणावं तर वाईटपणा. पायडलंच नाहीत म्हटलं, की सुंठीवाचून खोकला गेला. शिवाय बाजाराच्या दिवशी वांग्यांचं पोतं लादून सायकल ढकलत न्यायची, तर पायडल नडगीला लागतं, हेही खरंच. गल्लीला त्याच्या हुशारीचं कोण कौतुक! खरं सांगायचं तर जनकाबाईलाही होतं.

आज मात्र ती त्याच्या हातांकडे पाहत होती. सगळे स्क्रू पिळतात तसंच तो हेही पिळत होता.

"थांबा! आटे जातीन त्याचे."

तिनं पाना घेतला, पायडल आधी बोटांनीच हलकेच फिरवून आत घेतलं.

"डावं उलटं बसते. पाना वर धरून पुढं लोटला, की दोन्ही बाजूचं आवळते. मांगं ओढला, की ढिलं होते."

"मले मालूम हाय," उकंडराव म्हणाला. मग टायर दाबून बोलला, "हवा कमी हाय वाटते."

टायर दगडासारखं टणक होतं.

"अन् ब्रेकचाही भरोसा नाही. चालत गेलो तर? आं?"

जनकाबाईचा हात पान्यावरच थांबला. अगं बाई! दोन वर्षं झाली लग्नाला. ह्या माणसाला सायकलजवळ शंभरदा पाहिलं, सायकलवर एकदाही नाही. तिला आधी हसू आलं, मग रागही आला. पण तो तिथं टायरपाशी उकिडवा बसला होता, मान वर करायला तयार नव्हता. एवढा मोठा बाप्या, आणि केवढंसं गुपित उरावर घेऊन फिरत होता!

तेवढ्यात सासू दारात आली.

"निंगाले नाही अजून?"

"आत्याबाई, ह्यायचा पाय मुरगळला," जनकाबाई म्हणाली. "सायकल मी चालवते. हे मांगं बसतीन."

"तू? तुले येते?"

"येते न. भावानं पायडलं काढूनच शिकवली. पयले पाय टेकवत टेकवत तोल, मंग पायडल."

"अन् लोक काय म्हणतीन व बाई?"

"पाय मुरगळला म्हणा."

उकंडरावानं ताबडतोब लंगडून दाखवलं. दोन पावलं उजव्या पायानं, तिसरं डाव्यानं. लबाडीलाही सराव लागतो. नशीब, म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसत होतं.

जनकाबाईनं कासोटा घट्ट खोचला, काठ साखळीत जाणार नाही एवढा वर घेतला, आणि अंगणात एक चक्कर मारली. माहेर सुटल्यापासून पाय पायडलाला लागला नव्हता, तरी काही विसरलं नव्हतं. तिचं तिलाच बरं वाटलं.

"बसा. पाय चाकाच्या आऱ्यायपासून दूर धरजा."

तो बसला. सायकल जरा डुलली आणि सरळ झाली. गल्ली संपली, पार आला. पारावर गुलाबराव आणि चार जण तंबाखू मळत बसलेले. मळणारे हात थांबले.

"काऊन बे उकंड्या!" गुलाबराव ओरडला. "बायकोच्या मांगं बसून जाऊन राह्यला?"

"त्यायचा पाय मुरगळला, भाऊजी," जनकाबाईनं घाईनं सांगितलं.

"पायाले काही नाही झालं," मागून आवाज आला, चांगला खणखणीत. "मले सायकल येत नाही बे गुलाब. कधीच येत नव्हती. तिले येते."

पारावर कुणी हसलंसुद्धा नाही. जनकाबाईच्या हातात हँडल तेवढं एकदा डगमगलं.

"सामने पाह्य," उकंडराव म्हणाला. "उशीर होऊन राह्यला तुले."