जस्ती की अ‍ॅल्युमिनियम

"अ‍ॅल्युमिनियमचा दाखव," ओव्हीडकाका म्हणाले आणि माझ्या हातातली कॉफी सांडता सांडता राहिली.

मी गाडीमागं जोडून होड्या वाहून न्यायचे ट्रेलर विकतो. लुइझियानाच्या या खाऱ्या खाड्यांवर जस्ती, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, ट्रेलर घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा, यावरून सख्ख्या भावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. ओव्हीडकाका पक्के जस्तीवाले. "अ‍ॅल्युमिनियममध्ये रस्सा शिजवायचा, होडी नाही ठेवायची," हे त्यांनी पाद्रीबाबांनासुद्धा चर्चच्या पायरीवर ऐकवलेलं. जन्मभर खेकडे धरून पोट भरलेला माणूस. त्यांच्या जुन्या ट्रेलरचा आस परवा भररस्त्यात मोडला, तेव्हा मी एक दणकट जस्ती ट्रेलर धुऊनपुसून पुढं आणून ठेवला होता.

"काका, आज सूर्य कुठल्या बाजूला उगवला?"

"सूर्याचं तू बघ. मला ट्रेलर दाखव."

मागून व्हर्नाकाकू आल्या. होडीत काका सुकाणू धरणार, पिंजरे ओढणार. काकू पुढं उपड्या बादलीवर बसून खेकडे निवडणार, असा त्यांचा संसार.

"याचं डोकं फिरलंय," काकू म्हणाल्या. "जस्तीच दे. वाकत नाही, हलत नाही. याच्यासारखाच."

धंदा असला तरी खरं ते सांगावं लागतं. मी म्हटलं, "जस्ती दणकटच. फक्त कुठं ओरखडा गेला की गंज धरतो. तांबूस डाग दिसला रे दिसला की बघायला हवं. अ‍ॅल्युमिनियम हलका, तांबूस गंज नाही, पण सगळा बोल्टांवर उभा. खड्ड्याखड्ड्यांनी ते सैल होतात. सारखं पाना घेऊन मागं लागावं लागतं."

"बोल्ट सैल झालेला हाताला कळतो?"

"न कळायला काय झालं?"

"मग हाच," काका म्हणाले. "व्हर्ना, दोन्हींचे गाडीला अडकवायचे दांडे उचलून बघ जरा."

"मी? आजवर कधी हात लावू दिलायस?"

"उचल म्हणतो ना!"

काकूंनी आधी जस्तीचा दांडा धरला. तोंड लाल झालं, दांडा जेमतेम हलला. अ‍ॅल्युमिनियमचा मात्र त्यांनी उचलला, दोन पावलं ओढलासुद्धा. मग खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"मी कशाला उचलायचा? तू कुठं निघालास?"

"कुठं नाही. इथंच आहे." काकांनी टोपी काढली, परत घातली. "डॉक्टर म्हणतो, डोळ्यांसमोर मधोमध जे काळं येतंय ते पसरणार. त्याला औषध नाही. होडी आता तुला पाण्यात उतरवावी लागेल. नाहीतर विकून टाकू."

मला वाटलं, काकू रडणार. कसलं काय! त्या भडकल्या.

"आणि हे मला दुकानात उभं करून सांगतोस? मेल्या, मला काय ठाऊक नव्हतं? आपल्या पिंजऱ्यांवर तरंगणाऱ्या बोया पिवळ्या, एव्हारिस्टच्या हिरव्या. गेल्या महिन्यात तू त्याचेच पिंजरे ओढलेस! खाडीत अशाला चोर म्हणतात. संध्याकाळी खेकड्यांची टोपली त्याच्या दारात नेऊन ठेवली मी. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं."

काका हळूच म्हणाले, "बोलली नाहीस."

"तू सांगशील म्हणून थांबले."

मला तिथं उभं राहवेना. मी उगाच आत जाऊन कागद शोधत बसलो.

शनिवारी धक्क्यावर नेहमीसारखी गर्दी. आमच्याकडे नवरा-बायकोचं भांडण बघायचं तर होड्या पाण्यात सोडायचा धक्क्याचा उतार. गाडी उलटी घेत ट्रेलर पाण्यात घालताना भल्याभल्यांचे संसार तिथं वेशीवर टांगले जातात, आणि बाकीचे आपापल्या गाड्यांच्या मागच्या उघड्या फाळक्यांवर बसून न्याहारी करत बघतात. काकू पहिल्यांदाच गाडी उलटी घेत होत्या. ट्रेलर गेला भलतीकडे. काका गुडघाभर पाण्यात दोर धरून ओरडत होते, "डावीकडे! अगं, डावीकडे!"

"गप रे! तुला दिसतंय का काही?"

फाळक्यांवरच्या सगळ्या माना काकांकडे वळल्या. डोळ्यांची गोष्ट माझ्याशिवाय अजून कुणाला माहीत नव्हती.

काका मात्र खो खो हसायला लागले. "दिसत नाही, पण खांबाला घासलेलं ऐकू येतंय ना, बये!"

मग फाळक्यांवरचेही हसले. एव्हारिस्ट हातातला पाव टाकून उठला, पण काकूंनी त्याला हातानंच बसवला. बऱ्याच खटपटीनं होडी तरंगली. गाडी वर लावून काकू आल्या, सुकाणू धरलं. काका चाचपडत पुढं गेले आणि त्या उपड्या बादलीवर बसले.

मोसम सरता सरता एका संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. काका अंगणात ट्रेलरखाली उताणे पडलेले. एका हातानं बोल्ट चाचपत होते, दुसऱ्या हातातला पाना फिरत होता. व्हर्नाकाकू ओट्यावर पिंजऱ्याची तार वळत होत्या.

"काका, अंधार पडला की हो. राहू द्या आता, उद्या करा."

पाना थांबला.

"पडला का?" काका म्हणाले. "मग तेवढा ओट्यावरचा दिवा लाव, बाबा. तिला लागतो."

आणि पाना परत फिरायला लागला.