फ्रेमवाल्याची पट्टी आणि धाकटीचे भाव

मित्रांनो, मी एक जुनी, दोन फुटी, स्टीलची पट्टी आहे आणि सध्या माझे डोके ठिकाणावर नाही. आमच्या जातीला खोटे बोलता येत नाही. एक इंच तो एक इंच. असल्या जिवाला रोज भाव बदलणाऱ्या माणसाच्या टेबलावर दिवस काढावे लागले, तर त्याचे काय होते ते ऐका.

एका कारखान्यात मोठ्या पत्र्यातून मला कापले, कडा घासल्या आणि अंगावर आकडे कोरले. एका फ्रेमवाल्याने मला विकत घेतले. त्याचे दुकान अरुंद, खाली काचेचे तुकडे आणि लाकडाचा भुसा. चित्र आले की तो मला त्यावर ठेवायचा, चारी बाजू मोजायचा आणि इंचामागे ठरलेला दर सांगायचा. गिऱ्हाईक मोटारीतून येवो नाहीतर पायी, दर तोच. कुणी घासाघीस केली तर मला पुढे करून म्हणायचा, "माझ्याशी नको, हिच्याशी बोला." लोक हसून पैसे द्यायचे. ते माझे मानाचे दिवस होते.

पुढे त्याचे गुडघे गेले. दुकान थोरल्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे आले आणि वरचा माळा धाकटीला मिळाला. तिच्याबरोबर मीही वर गेले. धाकटी शाईने चित्रे काढते. चित्रांत काय, तर उघडे ड्रॉवर, जुन्या कात्र्या, वाळत घातलेले मोजे. एका चित्राला चार-पाच दिवस लागतात. हात सोन्याचा आहे, ते मी नाकारत नाही. पण भाव सांगायची वेळ आली की बाईसाहेबांची जीभ टाळ्याला चिकटते. "द्या ना, तुम्हाला वाटेल ते." हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

माझा उपयोग काय, तर कागद फाडायचा आणि शाईच्या बाटलीचे झाकण उचकटायचे. भाव ती तोंड बघून सांगायची. चपला झिजलेल्या दिसल्या की तीनशे, अत्तराचा वास आला की दोन हजार. शेजारच्या काकूंनी तीनशेला नेलेले चित्र त्याच दिवशी खाली फ्रेमसाठी आले. दादाने मला खाली नेले, मोजले आणि फ्रेमचे अठराशे सांगितले. नाकापेक्षा मोती जड! काकूंनी अठराशे मुकाट्याने दिले. मला इतका संताप आला की मी दादाच्या हातून सटकले.

दादा वाईट नाही. त्याने आधीच सांगितले होते, "वर्षभर माळा तुझा. पण वर्षात भाड्याइतके पैसे सुटले नाहीत, तर मला भाडेकरू बघावा लागेल." दोन महिने उरले असताना दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. एक चित्र त्यांनी दोन हजारांना घेतले आणि नव्या दवाखान्यासाठी तशीच आणखी बारा हवीत म्हणाल्या. वर्षाचे भाडे सुटत होते. धाकटी मला हातात धरून माळ्यावर नाचली.

आठवड्याने त्यांची नणंद आली. तेवढेच चित्र, तोच कागद, तीच शाई. तिने "किती जीव ओतलायस गं" म्हणत पाठीवरून हात फिरवला आणि धाकटीने ते सहाशेला देऊन टाकले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही. मित्रांनो, नणंद-भावजयीत अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार?

डॉक्टरीणबाई चित्र घेऊन परत आल्या. आवाज चढवला नाही.

"ह्याची किंमत दोन हजार की सहाशे, हे तुलाच माहीत नसेल तर बारा चित्रं मी कुठल्या भरवशावर घेऊ?"

"तुम्हाला परवडेल असं वाटलं," धाकटी म्हणाली.

"म्हणजे तू चित्राची नाही, माझी किंमत केलीस."

धाकटीने पैसे परत केले. बारा चित्रांवर पाणी पडले.

त्या दुपारी फ्रेमवाला गुडघे धरत, एकेक पायरी करत वर आला. मला उचलले, शर्टाला पुसले आणि लेकीपुढे ठेवले. "द्यायचं तर फुकट दे, लोक नाव काढतील. विकायचं तर ठरल्या भावाने वीक. मधलं काही करू नकोस."

मग बापलेक बसले. चित्राला दिवस किती लागतात, कागद केवढ्याचा, शाई केवढ्याची, सगळे मांडले. लांबी-रुंदीचे इंच मिळवायचे आणि साठाने गुणायचे, असे ठरले. आवडते चित्र असो की नावडते, भाव तोच. वाढवायचा तर वर्षातून एकदा, सगळ्यांना सारखा. प्रत्येक चित्रावर मी आडवी-उभी पडले आणि धाकटीने मागे पेन्सिलीने किंमत लिहिली. हे दहा महिने आधी सुचले असते तर काय बिघडले असते, याचा मला आजही राग येतो. कारण नंतर आली ती जुनीच गिऱ्हाइके, आणि त्यांना जुनेच भाव पाठ होते. "मागे तीनशेला दिलंस की," म्हणून काकू हात हलवत परत गेल्या.

वर्ष संपले. माळा एका शिंपीणबाईंनी भाड्याने घेतला. त्यांना वर बेसिन हवे होते, म्हणून नळवाला आला. धाकटी सामान बांधत होती. तो पाना खाली ठेवून छत्र्यांच्या चित्रापुढे उभा राहिला.

"हे केवढ्याला?"

त्याचा शर्ट खांद्यावर उसवला होता. तो तिने पाहिला, मीही पाहिला. तीनशे हा आकडा तिच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. तिने चित्र उलटे केले आणि वाचले, "चौदाशे चाळीस." मला तिने मुठीत इतके आवळले होते की बोटांवर माझ्या कडांचे वळ उठले.

"दोन हप्त्यांत चालेल?"

"चालेल."

"बरं झालं लिहून ठेवलंत ते," तो म्हणाला. "मीपण काम बघून पैसे सांगतो, घर बघून नाही."

त्याने अर्धे पैसे दिले आणि शिंपीणबाईंचे बेसिन बसवायला घेतले. ते बसवायची जागा धाकटीच्या टेबलाची होती.

आता ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रे काढते. आई भाजी चिरायला आली की उठते. मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी घडवाल, विकाल. माझी एवढीच विनवणी आहे, किंमत आधी मोजा, मागे लिहा आणि गिऱ्हाइकाच्या चपलांकडे न बघता वाचून दाखवा. आमच्या धाकटीला ते जमले, पण तोवर तिचे टेबल जिन्यावरून खाली उतरले होते.