सतरा रुपये सत्तर पैसे

सिंधुबाईने आयुष्यात एकदाच कुणाला चोर म्हटलं, आणि ते भरल्या पंगतीत म्हटलं.

नातीच्या जावळाचा दिवस होता. मखमलाबादच्या मळ्यात मांडव घातला होता. सून सुवर्णा हिच्या माहेरची माणसं नामपूरहून दोन जीप भरून आली होती. नातीच्या पायात चांदीचे वाळे घालायचे म्हणून सिंधुबाईने आदल्या दिवशी मुलाला, योगेशला, एटीएमवर धाडलं होतं. खात्यात अकरा हजार तीनशे असायला हवे होते. झेंडू विकून विकून तिने ते जमवले होते आणि बँकेत भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती फूलबाजारातल्या हिशेबाच्या पट्ट्यांसारखी तारेला टोचून ठेवली होती. यंत्राने शिल्लक दाखवली ती जेमतेम पावणेपाच हजार.

कार्ड सुवर्णाकडे, पिन सुवर्णाला पाठ, बँकेत जाणारी-येणारीही सुवर्णाच. मग दुसरं कोण? रात्रभर सिंधुबाईने ते मनात घोळवलं, पण सुनेला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. दुसऱ्या दिवशी पंगतीत विहीणबाईंनी हसत हसत विचारलं, "आजीनं काय घातलं मग नातीला?" आणि सिंधुबाईच्या तोंडून निघून गेलं, "आजीचं आजीजवळ राहिलं तर घालंल ना आजी! चोर घरातच हाय, तुमच्याकडूनच आणलेला."

सुवर्णा बुंदी वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं, घरात जाऊन कार्ड आणलं आणि सासूच्या पत्रावळीशेजारी ठेवलं. तेव्हापासून ती सासूशी बोलली नाही. चहा वेळेवर यायचा, तापात कपाळावर पट्टी यायची, फुलं तोडायला बरोबरीने उभी राहायची. शब्द मात्र नाही. पूर्वी उठता-बसता "आई, आई" करणारी पोर, तेवढंही तोंडातून काढेना. असे आठ महिने गेले.

त्यानंतर एकदा पेठ रोडवरच्या बँकेत सिंधुबाई एकटी गेली. पासबुक छापायचं यंत्र तिथे कायम बंद असायचं, त्यावर चिकटवलेला 'बंद' लिहिलेला कागदसुद्धा पिवळा पडला होता. त्या दिवशी मात्र ते चालू होतं. खर्र खर्र करत त्याने पानंच्या पानं भरून दिली. सिंधुबाई चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला कळेनात, पण आकडे कळत होते. बाकावर बसून ती एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. सतरा रुपये सत्तर पैसे. एकशे सत्त्याहत्तर. परत सतरा सत्तर. एकशे अठरा. दोनशे पंच्याण्णव. परत सतरा सत्तर.

बोट थांबलं. एटीएममधून शंभराच्या खाली काही बाहेर पडत नाही. आणि कोणता चोर सत्तर पैसे नेतो?

स्वतःवर चिडली असती तर त्या बाकावरून तिच्याने उठवलं नसतं, म्हणून ती बँकेवर चिडली. बँकेवर चिडायला कारण नव्हतं असंही नाही.

काउंटरवर तेजस्विनी नावाची मुलगी होती. तिने पासबुक पाहून सांगितलं, "मावशी, हे सतरा सत्तर मेसेजचे, दर तीन महिन्यांना. आणि हे मोठे आकडे आहेत ना, तो दंड. खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून."

"मला कोणी सांगितलं, एवढी ठेवायची म्हणून?"

"मेसेज येतो ना मावशी. दंडाच्या आधी येतोच."

सिंधुबाईने पिशवीतून बटणांचा फोन काढून काउंटरवर आपटला. "हा घे. दाखव कुठं हाय."

मुलगी भली होती. तिने फोन पाहिला, मग स्क्रीन पाहिली, मग जुना फॉर्म शोधून काढला. फॉर्मवर नंबर बरोबर होता. बँकेने तो संगणकात चढवताना एक आकडा चुकवला होता. सहा वर्षं सिंधुबाईचे मेसेज भलत्याच माणसाला जात होते, आणि ते पोचवण्याचे पैसे सिंधुबाईच्या खात्यातून जात होते!

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. खुर्चीतून न हलता तो म्हणाला, "नंबर आत्ता दुरुस्त करून देतो, मावशी. झालं गेलं, जाऊ द्या आता. आणि आम्ही नाही कापत, सिस्टीम कापते."

"कोन सिस्टीम? बोलवा तिला."

"अहो, तसं नसतं..."

"बाजारात अडत्या पैसे कापतो ना साहेब, तर तोंडासमोर कापतो. ही हमाली, ही तोलाई, असं पट्टीवर लिहितो. जास्त कापलं तर त्याची गचांडी धरता येते. तुमचं बरंय, कापायचं गपचूप अन् नाव सांगायचं सिस्टीमचं! जाऊ कसं द्यायचं? जायचं ते माझं गेलंय."

मॅनेजरचा चेहरा कडक झाला. "सहा वर्षांत एक तरी लेखी तक्रार केलीत का तुम्ही? एक अर्ज दाखवा."

दरोडा पडला हे ज्याला कळलंच नाही, त्याने फिर्याद कशी द्यायची? पण हे तिला तिथे सुचलं नाही. ती पाय आपटत बाहेर आली. येताना मात्र तेजस्विनीकडून तो चुकीचा नंबर तळहातावर लिहून घ्यायला विसरली नाही.

बँकेच्या पायरीवरच बसून तिने तो लावला.

"कोन बोलतंय?" पलीकडून जाड आवाज आला.

"मी नाशिकची, मखमलाबादची सिंधुबाई. तुम्हाला माझ्या बँकेचे मेसेज..."

"थांबा, थांबा. खात्याचे शेवटचे आकडे चार सात एक?"

तिने पासबुक पाहिलं. "व्हय."

"अरे देवा! तुम्ही हायेत का त्या! अहो बाई, सहा वर्षं झाली, तुमची शिल्लक मला पाठ हाय. नाव तेवढं ठाऊक नव्हतं."

तो गोरक्ष. देवळ्याचा, कांदा पिकवणारा. आधी त्याला वाटलं कोणी फसवतंय. मग ध्यानात आलं की कुणा गरिबाचं खातं आहे, पाचशे जमा होतात आणि मागोमाग दंड बसतो. "जीव जळायचा हो. आता भरतील, आता भरतील म्हनून मीच वाट बघायचो. तीनदा अर्ज दिला इथल्या शाखेत, की हा मेसेज माझा नाय, ज्याचा असंल त्याला कळवा. पोच हाय माझ्याकडं, शिक्क्यासकट."

ज्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याने तिच्यासाठी तीन अर्ज खरडले होते. आणि जिचं तोंड ती रोज पाहत होती, तिला तिने साधं विचारलंही नव्हतं.

सोमवारी गोरक्ष एसटीने आला. टोपी, पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मॅनेजरच्या टेबलावर त्याने तिन्ही अर्ज ओळीने मांडले. तिन्हींवर याच बँकेचा गोल शिक्का होता. पहिला पाच वर्षांपूर्वीचा.

"तक्रार पायजे होती ना साहेब? ह्या घ्या तीन," तो म्हणाला. "आधी कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, मगच दंड करायचा, असा नियम हाय तुमचा. मी वाचून आलोय. तुम्ही कळवलं मला अन् दंड केला हिला. हिनं कशी भरायची शिल्लक, सपनात बघून?"

मॅनेजरने शिक्के उलटेपालटे करून पाहिले. शिक्का काही खोटा होईना. आता तो उठून उभा राहिला आणि पाणी मागवलं. नवा अर्ज झाला, वरच्या ऑफिसला गेला. महिना असाच गेला. 'वर पाठवलंय' हे सिंधुबाईने पाचदा ऐकलं. सहाव्या वेळी ती म्हणाली, "आता मी बँकांच्या लोकपालाकडं पाठवते, ते तुमच्या वरच्याच्याबी वर हाय." आठ दिवसांत फोन वाजला. मेसेज होता, पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या फोनवर. सहा हजार नऊशे चौदा रुपये ऐंशी पैसे जमा.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मॅनेजरसमोर हजर.

"आता काय मावशी? पैसे मिळाले ना?"

"कागद द्या. चूक बँकेची होती, पैसे बँकेनंच कापले होते, घरातल्या कोणी काढले नव्हते, असं लिहून."

"असं लिहून देत नाही आम्ही कुणाला."

"पैसे माझे होते, ते मला आले. कागद माझ्या सुनेचा हाय. तो घेतल्याबिगर मी उठायची नाय."

ती खरंच उठली नाही. जेवणाची सुटी झाली, गर्दी ओसरली, शटर अर्धं खाली आलं. रखवालदार दोनदा खाकरला. शेवटी मॅनेजरने तेजस्विनीला हाक मारली, चार ओळी टाइप झाल्या, सही झाली, शिक्का बसला.

घरी आली तेव्हा सुवर्णा पडवीत क्रेटमध्ये झेंडू भरत होती. सिंधुबाईने कागद पुढे केला. सुवर्णाने हात पदराला पुसले. कागद दोनदा वाचला. त्याच घडीवर मिटून परत दिला. आणि दहा महिन्यांनी ती बोलली.

"बँकेनं कुठून कापले होते?"

"खात्यातून."

"मग परत कुठं भरले?"

"खात्यातच की."

"तुम्ही मला चोर कुठं म्हणालात, आई?"

सिंधुबाई कागद हातात धरून उभी राहिली. सगळा राग बँकेवर काढून झाला होता, आता द्यायला दुसरं कुणाचं नाव उरलं नव्हतं.

रविवारी ती नामपूरला गेली. योगेश, सुवर्णा, नात, सगळे बरोबर. सुवर्णाच्या वडिलांना, मोतीरामांना, तिने आधीच निरोप धाडला होता की जावळाला आलेली सगळी माणसं बोलवा. पंचवीस-तीस जण अंगणात जमले. काय प्रकार आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सिंधुबाईने आधी बँकेचा कागद योगेशकडून वाचून घेतला. मग पदर सावरून उठली, तर विहीणबाई लगबगीने पुढे आल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "जाऊ द्या विहीनबाई, जे व्हयनं ते व्हई गयं."

क्षणभर सिंधुबाईला बसावंसं वाटलं. सुटका समोर चालून आली होती. मग तिला खुर्चीतला मॅनेजर आठवला. झालं गेलं, जाऊ द्या.

"नाय," ती म्हणाली. "जाऊ द्यायचं नाय." आणि तिने हात सोडवून घेतला. "मी तुमच्या लेकीला चोर म्हनले. ती चोर नाय, कधीच नव्हती. कापलं बँकेनं, पन बोलले मी. एका शब्दानं तिला विचारलं नाय. चुकले मी."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सुवर्णा पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती, ती जागची हलली नाही.

"आई," ती म्हणाली, "परत एकदा म्हना. मागं बसलेत त्यांना ऐकू नाय गेलं."

सिंधुबाईने घसा खाकरला आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.