दोन चमचे पाणी

नणंदेनं परगावी जाताना ते झाड दोन महिन्यांसाठी घरच्या सुनेकडे सोपवलं, तेव्हा तिचं बाळ चार महिन्यांचं होतं. थाळीएवढी हिरवी पानं, त्यांवर चुना उडाल्यासारखे पांढरे डाग. असं झाड सहजासहजी मिळत नाही. नणंदेनं एका पानापासून चार वर्षं वाढवलेलं. "माती कोरडी झाली की पाणी घाल, बाकी काही नको," एवढंच ती म्हणाली.

पण कोरडी म्हणजे किती कोरडी? सुनेनं बाळाच्या वहीत, दूध आणि झोपेच्या रकान्यांशेजारी झाडाचाही रकाना आखला. दर तीन तासांनी बाळाला दूध, आणि त्याच हातानं झाडाला दोन चमचे पाणी.

"ढेकरही काढतेस का त्याचा?" सासरे विचारायचे.

पाचव्या आठवड्यात पानं पिवळी पडली. तिनं दोनाचे तीन चमचे केले. मग खोड बुडाशी मऊ लागलं. कुंडीतून झाड उपसलं तर मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास. जिला झाड सांभाळता येत नाही तिच्या हाती मूल, असं कुणी म्हणणार नव्हतं. तीच मनात म्हणत होती.

फोन तर करावाच लागणार होता.

"ताई, तुमचं झाड मी कुजवलं."

"वरचं खोड कडक आहे?"

"वीतभर आहे."

"तेवढं काप. एक पान, एक पेर पुरे. पाण्यात उभं कर. आणि सारखं उचलून बघू नकोस. काळजीपोटी मी अशीच दोन मारलीत, म्हणून सांगते."

तिनं ते बाळाच्या काचेच्या बाटलीत उभं केलं. खिडकीजवळच्या उंच कपाटावर ठेवलं, म्हणजे स्टुलाशिवाय दिसायला नको. वहीतल्या झाडाच्या रकान्यावर रेघ मारली.

दहाव्या दिवशी बाळाला निजवून ती बाहेर आली, तर स्टूल कपाटाशी. सासरे पेपरात डोकं घालून.

"बाबा, हे स्टूल?"

"मला काय ठाऊक." त्यांनी पेपराचं पान उलटलं. "पेराशी मोहरीएवढं पांढरं फुटलंय. उचललं नाही हं मी. काचेतून दिसलं."

ती चढली, पाहिलं, उतरली, आणि स्टूल स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कपाटाशी होतं.